प्लास्टिक ठोकळ्यांची तरंगती जेट्टी: कोकणच्या खाडीत कुठे टिकते, कुठे वाहून जाते

कोकणातल्या कुठल्याही नगरपरिषदेचा बंदर-सुशोभीकरणाचा आराखडा उघडा. जांभ्याची पाखाडी, बसायला कट्टे, दिव्यांचे खांब, आणि पाण्यात एक राखाडी-निळी तरंगती जेट्टी. तिला चार पांढऱ्या बोटी लागलेल्या. चित्रात नेहमी भरती असते. ओहोटीचं चित्र कुणी काढत नाही.

ती राखाडी-निळी वस्तू म्हणजे बहुतेक वेळा एचडीपीई प्लास्टिकचे पोकळ ठोकळे एकमेकांना जोडून केलेला धक्का. नगरपरिषदा, मच्छीमार सोसायट्या, स्कुबावाले, हाउसबोटवाले, खाडीकाठचे रिसॉर्टवाले सगळेच सध्या त्याची कोटेशनं मागवतात. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या वस्तूचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. आत वळलेल्या, झाकलेल्या खाडीत, लहान बोटींसाठी, ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत ही चांगली वस्तू आहे. उघड्या किनाऱ्यावर, गर्दीच्या प्रवासी लाँचसाठी किंवा ट्रॉलर बांधायला घेऊ नका. आणि जिथे घ्याल तिथे ठोकळ्यांवर घासाघीस करा, पण गँगवे (पक्क्या धक्क्यावरून जेट्टीवर उतरणारा पूल) आणि जेट्टीला जागेवर धरणारे खांब यांच्यावर करू नका. मोडतं ते तिथेच.

आता वस्तू नीट बघू. एक ठोकळा ५०० मिमी लांब, ५०० मिमी रुंद, ४०० मिमी उंच, म्हणजे चार ठोकळ्यांचा एक चौरस मीटर. चांगल्या ठोकळ्याचं वजन ६ ते ७ किलो भरतं. कोटेशन घेताना ठोकळा काट्यावर ठेवूनच बघा. पाच किलोचा असेल तर भिंत पातळ आहे आणि दोन उन्हाळ्यांत कान तडकतील. प्रत्येक ठोकळ्याला चार कोपऱ्यांत चार कान असतात, चारही वेगवेगळ्या उंचीवर. चार ठोकळे शेजारी आले की चौघांचे कान एकावर एक बसतात, त्यांच्या भोकातून पिन खाली जाते आणि लांब दांड्याच्या चावीने पाव फेरा दिला की अडकते. ठोकळा चुकीच्या दिशेने ठेवला तर कानांच्या उंच्या जुळत नाहीत. मग माणसं पिन ठोकून बसवतात, आणि तोच सांधा पहिल्या लाटेला सुटतो.

दोन मीटर रुंद आणि वीस मीटर लांब जेट्टीला १६० ठोकळे लागतात. आतल्या ११७ जागी चार-चार कान एकत्र येतात, तिथे मोठी पिन. कडेला ८८ जागा उरतात, त्यांतल्या चार कोपऱ्यांच्या. कडेला दोनच कान (कोपऱ्यात तर एकच), म्हणून उरलेली उंची भरायला चकत्या आणि वेगळे नट-बोल्ट लागतात. कोटेशनमध्ये ठोकळे आणि पिना असतात, हे कडेचं सामान अनेकदा नसतं. मोजून लिहून घ्या. शिवाय दहा टक्के पिना आणि पाच टक्के ठोकळे जादा घ्या. दोन वर्षांनी त्याच साच्याचा ठोकळा मिळेल याची खात्री नाही, आणि दोन साच्यांचे कान एकमेकांत बसत नाहीत.

पत्रकात लिहिलेलं असतं: वहनक्षमता ३५० किलो प्रति चौरस मीटर. आकडा खोटा नाही, पण तो ठोकळा काठोकाठ बुडण्याचा आकडा आहे. रिकामी जेट्टी पाण्यात जेमतेम तीन सेंटीमीटर बसते. एका चौरस मीटरवर चार माणसं उभी राहिली, म्हणजे २६० किलो धरले, की ती साधारण ३१ सेंटीमीटर खाली जाते. वर उरतात आठ-नऊ सेंटीमीटर. शेजारून एखादी बोट जरा वेगाने गेली की सगळ्यांची पावलं ओली. वापरासाठी चौरस मीटरला दीडशे किलोचा आकडा धरा, म्हणजे दोन माणसं. त्याहून जास्त गर्दी अपेक्षित असेल तर ठोकळ्यांचे दोन थर द्यावे लागतात.

दुसरी अडचण पत्रकात नसतेच. जोडणी लवचीक असल्यामुळे बोजा सगळ्या रुंदीवर वाटला जात नाही. बोट लागली की सगळे त्याच बाजूला सरकतात आणि कडेची ओळ आधी बुडते. पर्यटक घाबरून मागे सरतो, मग मागची ओळ. दीड मीटर रुंदीची जेट्टी म्हणून कायाकपुरती ठीक. लोकांची चढउतार होणार असेल तर तीन मीटरच्या खाली जाऊ नका. लांबी कमी करा, पण रुंदी कमी करू नका.

तिथीचं गणित

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. याचा दुसरा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सगळ्यात खाली जातं ते संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. सूर्यास्त बघायला आणि बोटीत बसायला लोक नेमके तेव्हाच येतात.

हा उतार किती? मुंबई-मांडव्याकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. दक्षिणेला तो कमी होत जातो. रत्नागिरीला तीन मीटरच्या आत आणि मालवण-वेंगुर्ल्याला अडीचच्या आसपास. आता पक्का धक्का कमाल भरतीपेक्षा दीड मीटर उंच धरू, तरंगता भाग पाण्याच्या वर ०.४ मीटर. फरक तीन मीटर असेल तर ओहोटीला गँगवेच्या दोन टोकांत ४.१ मीटरची उंची पडते. चारास एक हा उतार धडधाकट माणसाला कसाबसा चालतो, त्याला १६.४ मीटर लांबी लागते. आठास एक हवा असेल तर ३३ मीटर. चाकाच्या खुर्चीसाठी नियमाप्रमाणे बारास एक हवा, त्याला ४९.

ठोकळ्यांच्या पॅकेजमध्ये मिळणारा गँगवे सहसा सहा किंवा नऊ मीटरचा असतो. नऊ मीटरचा लावला तर उधाणाच्या ओहोटीला उतार जवळजवळ दोनास एक होतो, म्हणजे सुमारे २७ अंश. त्याला पूल नाही, शिडी म्हणतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, तोच गँगवे बरा चालतो आणि ठेकेदार उद्घाटनाला नेमका तोच दिवस सुचवतो. हे थट्टेत घेऊ नका. हस्तांतरणाची तारीख करारातच उधाणाच्या ओहोटीची घाला.

४९ मीटरचा गँगवे कुणी लावत नाही, आणि लावायची गरजही नाही. मध्ये एक छोटा तरंगता टप्पा देऊन गँगवे दोन तुकड्यांत वळवता येतो. किंवा सोळा-अठरा मीटरचा एकच देऊन, चाकाची खुर्ची कोणत्या वेळेत नेता येईल ते तिथीवार फलकावर लिहिता येतं. दुसरा पर्याय स्वस्त आहे आणि प्रामाणिकही.

तरंगत्या टोकाला गँगवेखाली चाकं असतात. पाणी चढतं-उतरतं तसं ते टोक पुढेमागे सरकतं. वरच्या उदाहरणात सोळा-सतरा मीटरच्या गँगवेला अर्धा-पाऊण मीटर सरकायला जागा लागते. ही जागा मोकळी हवी आणि चाकांखाली पत्र्याची पट्टी हवी, नाहीतर चाक दोन ठोकळ्यांच्या फटीत अडकतं आणि ओहोटीला गँगवे जेट्टीला तिरपं दाबत नेतो. शिवाय गँगवेचं अर्धं वजन त्या टोकावर येतं. तिथे एका थरावर भागत नाही. सहा बाय सहा ठोकळ्यांचा दुहेरी थर द्या.

साखळी की खांब

साखळी आणि नांगर स्वस्त, म्हणून कोटेशनमध्ये तेच असतं. ओहोटीला दोन मीटर खोली आणि भरतीला पाच असेल, तर भरतीला ताठ बसणारी १५ मीटरची साखळी ओहोटीला पाऊण मीटर ढिली होते. जेट्टी दोन्ही बाजूंना तेवढी डुलते, गँगवेचं टोक पट्टीवरून उतरतं. आणि ताणलेल्या साखळ्या जेट्टीच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली आडव्या पसरलेल्या असतात. उथळ खाडीत त्या बोटीच्या पंख्यात अडकतात.

कोकणात खांबच घ्या, पोलादी नळीचे, आणि जेट्टीला त्या खांबांवरून वर-खाली सरकणाऱ्या रोलरच्या कड्या. खांबाचं डोकं कमाल भरतीच्या पातळीपेक्षा निदान अडीच मीटर वर हवं. दिसायला ते वाईट दिसतं आणि वास्तुविशारद ते कापायला सांगतो. ऐकू नका. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ ला किनाऱ्याजवळून गेलं. भरती, वादळाचं फुगलेलं पाणी आणि लाट एकत्र आली की आखूड खांबाच्या डोक्यावरून कडी सुटते आणि अख्खी जेट्टी मोकळी होते. मग ती इतरांच्या होड्यांवर आदळते.

खांब रोवण्याआधी खाडीच्या तळाशी बोअर घ्या. कोकणातल्या खाड्यांत वर मऊ गाळ आणि खाली लगेच कातळ अशी स्थिती सर्रास असते. नुसता ठोकलेला खांब कातळावर टेकतो, आत जात नाही, आणि सर्वेक्षणाशिवाय दर लावणारा ठेकेदार तो तसाच सोडतो. कातळात भोक पाडून, खांब रोवून, काँक्रीट भरावं लागतं. त्याचा दर आधीच ठरवा. भरतीच्या पट्ट्यात पोलाद सगळ्यात वेगाने गंजतं, म्हणून तेवढ्या भागाला जाड इपॉक्सी किंवा प्लास्टिकचं आवरण आणि पाण्याखाली झिंकचे बळीचे तुकडे (पोलादाऐवजी स्वतः गंजणारे) हवेत. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ वर एका पावसाळ्यात तांबूस डाग येतात. गँगवे अॅल्युमिनियमचा असेल तर तो आणि पोलाद यांच्यामध्ये नायलॉनची चकती नसली की अॅल्युमिनियम भुसभुशीत होतं.

गँगवेची बिजागरी ज्या पक्क्या ओट्यावर बसते तो ओटाही यातच धरा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे एम ४० ही प्रत आणि सळईवर ७५ मिमी आवरण लागतं. नेहमीच्या गटारकामाच्या मापाने तो बांधला तर सळया फुगतात आणि काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. जुन्या धक्क्यांच्या पोटाकडे ओहोटीला वाकून बघा, कळेल.

जागा

बंदराच्या आत वर्षातून एखाददाच येणारी सगळ्यात मोठी लाटसुद्धा साधारण ०.३ मीटरच्या आत असावी, असा मरिनाच्या रचनेत ढोबळ निकष धरतात. ठोकळ्यांच्या जेट्टीला तो तंतोतंत लागू पडतो. त्याहून मोठी लाट आली की ओळी सापासारख्या वळवळतात आणि ताण कानांवर येतो. तुटतात ते कान, ठोकळा नव्हे.

त्या निकषावर विजयदुर्गची वाघोटण खाडी, देवगडचं बंदर, जयगड आणि दाभोळच्या खाड्यांच्या आतल्या बाजू, तारकर्लीमागची कर्लीची खाडी या जागा विचार करण्यासारख्या. हर्णै नाही. तिथल्या बोटीच पावसाळ्यात आंजर्ले आणि दाभोळच्या खाडीत आसऱ्याला जातात, मग प्लास्टिकचे ठोकळे काय टिकणार? वेंगुर्ल्याच्या बंदराची उघडी बाजूही चालणार नाही. मालवणच्या धक्क्यापुढे खडकांचं कुंपण आहे खरं, पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या वाऱ्याला तिथे उठणारी चोप, म्हणजे आखूड आणि तुटक लाट ठोकळ्यांना पुरेशी आहे. मांडव्याला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो (गाड्या नेणारी बोट) मार्च २०२० मध्ये सुरू झाली, त्याआधी तिथे लाटरोधक बंधारा घालावा लागला. जेट्टी विकत मिळते, शांत पाणी मिळत नाही. ते असलेली जागा शोधावी लागते किंवा बंधाऱ्याचा खर्च धरावा लागतो.

ओहोटीला जेट्टी टेकणार असेल तर तळ बघा. मऊ चिखलावर ठोकळे निवांत बसतात आणि ही या वस्तूची मोठी जमेची बाजू आहे. काँक्रीटच्या पाँटूनला (पोकळ तरंगत्या पेटाऱ्याला) ते परवडत नाही. पण खाली कातळ असेल आणि त्यावर कालवं चिकटलेली असतील, तर रोज दोनदा टेकून ठोकळ्याची बुडं चिरतात.

बोटी कोणत्या लावाल? कायाक, डिंगी, वॉटर स्कूटर, सात-आठ मीटरपर्यंतच्या फायबरच्या बोटी. उलांडी (तोल सांभाळायला एका बाजूला बांधलेलं लाकूड) असलेली होडी फक्त एका अंगाने लागते, त्यामुळे ती येणार असेल तर जेट्टीची दोन्ही अंगं मोजून दुप्पट बोटींचा हिशेब मांडू नका. पंधरा-वीस टनांचा ट्रॉलर रेलला तर कानांची रांग एकदम उसवते. आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायच्या पट्ट्यात, जाळी सुकवायच्या जागेसमोर किंवा नारळी पौर्णिमेआधी होड्या ओढून तळ घासायच्या उतारासमोर जेट्टी ठेवू नका. आराखड्यात हा उतार 'मोकळी जागा' म्हणून दिसतो. तो मोकळा नसतो, फक्त तुम्ही बघायला गेलात तेव्हा होड्या समुद्रात असतात.

परवानगीबद्दल विक्रेते एक वाक्य हमखास सांगतात: 'तरंगतं आहे, तात्पुरतं आहे, काही लागत नाही.' लागतं. किनाऱ्याच्या पाण्याला महाराष्ट्र सागरी मंडळाची आणि २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेखाली किनारा क्षेत्र प्राधिकरणाची वाट धरावीच लागते. सरकारी जागेवर एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखीव धरतात. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीही कांदळवन तोडायचं तर न्यायालयाची परवानगी लागते. गँगवेसाठी चार झुडपं तोडली आणि सगळा प्रकल्प अडकला, असं होऊ देऊ नका. जागा वीस मीटर सरकवणं स्वस्त पडतं.

पर्याय थोडक्यात. अॅल्युमिनियमच्या सांगाड्याखाली प्लास्टिकचे तरंगे असलेली जेट्टी ताठ राहते, कडेला बुडत नाही, प्रवाशांना बरी. काँक्रीटचा पाँटून सगळ्यात स्थिर, पण १२ बाय ३ मीटरचा आणि अर्धा मीटर बुडणारा एक तुकडाच १८ टनांच्या आसपास भरतो. तो घाटातून आणणं आणि धक्क्यावर क्रेन उभी करणं हे काम वेगळं. फेरीसाठी मात्र आपल्याकडे जुनाच उपाय सरस आहे: दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या फेऱ्यांना लागतो तसा पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा रॅम्प आणि पुढचा फाळका पाडणारी बोट. भरती असो वा ओहोटी, बोट रॅम्पवर वर-खाली जागा बदलून लागते. तिथे तरंगतं काही नको. आराखड्यात जेट्टी दाखवायलाच हवी म्हणून रॅम्प मोडू नका.

देखभाल कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. आठवड्याला कडेच्या पिना चावीने तपासणे. पंधरवड्याला वरचं हिरवं शेवाळ काथ्याच्या ब्रशने घासणे, नाहीतर नक्षी असूनही पाय घसरतो. बुडाला बार्नॅकल आणि कालवं दर हंगामात चढतात आणि जेट्टी त्या वजनाने खाली बसते. ती लाकडी खरवडणीने काढा, लोखंडी पातं ठोकळा चिरतं. काळा रंग घेऊ नका. एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. फिकट राखाडी किंवा वाळूचा रंग घ्या. एखादा ठोकळा खाली बसलेला दिसला तर त्याचं बूच सैल असतं किंवा कान चिरलेला असतो. तेवढाच ठोकळा चारही पिना काढून बदलता येतो, आणि या गुणावर ठोकळ्यांना पूर्ण गुण.

पावसाळ्यात प्रवासी होड्या आणि जलक्रीडा तशाही बंद असतात, सहसा २६ मे ते ३१ ऑगस्ट. पण तौक्ते मेच्या मध्यातच आलं होतं, म्हणून जेट्टी त्याआधी उचला. जुलैतल्या पुरात वाशिष्ठी किंवा काजळीसारख्या नद्यांतून ओंडके, बांबूची बेटं, तुटलेल्या होड्या येतात आणि खांब आणि ठोकळे यांच्यामध्ये अडकतात. मग पाण्याचा सगळा जोर जेट्टीवर. सहा माणसं १६० ठोकळे दोन दिवसांत सोडवतात. तीन मीटरच्या तुकड्यांत सोडवून धक्क्यापर्यंत ओढत नेलं तर एका दिवसात होतं. तुकड्यांवर रंगाने क्रमांक घाला, पिना मोजून गोणीत भरा. गँगवे मात्र बिजागरीतून काढायला छोटी क्रेन लागते, तिचं भाडं वार्षिक खर्चात धरा.

आणि मग ते ठेवायचं कुठे? चारच्या चळतीत १६० ठोकळे दहा चौरस मीटरमध्ये बसतात, पण चळतींमधली वाट, वेगळी जागा अडवणारा सोळा मीटरचा गँगवे, पिना, रोलरच्या कड्या आणि झाकण धरून पत्र्याची निदान वीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद शेड लागते, तीही धक्क्यापासून ट्रॉलीने नेता येईल इतक्या जवळ आणि पुराच्या रेषेच्या वर. आराखड्याच्या नकाशावर त्या जागी सहसा सेल्फी पॉइंट असतो.